नसलेल्या मालाचा इसार

मंगळवारी दुपारी जेवून उठल्यावर देवव्रतराव बापटांना पहिल्यांदा शंका आली, की इसार म्हणजे काय हे मुंबईच्या शेअर बाजारातल्या लोकांना नीट कळत नसावं. आपल्यालाच कळत नसेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. ती यायला दुपार कलावी लागली.

आता, इसाराच्या बाबतीत दिवेआगरच्या वाडीवाल्याला कुणी शिकवायला जाऊ नये, हे कुणीही मान्य करील. सुपारी अजून झाडावर हिरवी असते तेव्हाच म्हसळ्याचा व्यापारी वाडीत येतो. मान मोडेपर्यंत वर बघतो, नाक मुरडतो, भाव बोलतो आणि थोडी रक्कम हातावर ठेवतो. तो इसार. ठरलेल्या दिवसापर्यंत तो आला तर बोललेल्या भावानं त्याला माल द्यायचा. नाही आला तर इसार बुडाला, म्हणजे त्याचा बुडाला. पैसे वाडीवाल्याचे आणि सुपारीही वाडीवाल्याचीच. मधल्या मधे भाव भडकला तर वाडीवाला चार दिवस जेवताना कुरकुर करतो, बायकोवर उगाच खेकसतो, पण त्याच्या खिशातून दमडी जात नाही. बापटांच्या घरात आजोबांपासून हे असंच चालत आलेलं. त्यामुळे परेशनं जेव्हा पडवीत बसून मोबाइलवर शेअर बाजारातला तो खेळ दाखवला, तेव्हा देवव्रतरावांना काही नवीन शिकल्यासारखं वाटलंच नाही. जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

परेश उरणचा. बंदरावर त्याचे ट्रेलर चालत. मित्रांबरोबर दोन दिवस बापटांकडे पाहुणा म्हणून राहायला आला होता आणि देवव्रतरावांच्या हातच्या ताज्या शहाळ्यांवर खूश होऊन त्यानं काकांना श्रीमंत करायचं मनावर घेतलं होतं.

"एकदम सिंपल हाय काका," तो म्हणाला होता. "समोरचा आपल्याला प्रीमियम देतो. मुदत संपेपर्यंत तो न्यायला आला न्हाय तर प्रीमियम आपला. बात खतम."

"म्हणजे इसार," देवव्रतराव म्हणाले.

परेशला इसार माहीत नव्हता. पण काकांचा चेहरा एवढा उजळला होता, की त्यानं लगेच मान डोलावली. व्हय, तेच ते. पुढे तो आणखी बरंच काही बोलला. तोटा कुठे थांबवायचा, त्यासाठी आधीच खूण कशी लावून ठेवायची, असलं काहीतरी. पण ज्या माणसाला मुद्दा समजला आहे त्यानं उरलेलं कशाला ऐकायचं? देवव्रतरावांनी तोवर दुसरं शहाळं सोलायला घेतलं होतं.

निवेदिताबाईंपासून त्यांनी काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं समजावलं, इसाराच्याच भाषेत. तिलाही ते पटलं. दिवेआगरातच जन्मलेली बाई, इसार तिच्याही अंगवळणी पडलेला. तिनं एवढंच विचारलं, की तो न्यायला आला तर? यावर देवव्रतराव मोठ्यानं हसले होते. शेअर बाजारात कोण टेम्पो घेऊन न्यायला येतंय, असं म्हणाले होते. मग तीही हसली होती.

सुरुवातीला खरंच कुणी न्यायला आलं नाही. सकाळी बाजार उघडला की देवव्रतराव झोपाळ्यावर बसून कुठल्यातरी कंपनीचा शेअर वर जाणार नाही असं मनाशी ठरवत आणि तो ठरल्या भावानं द्यायची बोली विकून मोकळे होत. इसार खात्यात दिसे. बाजार बंद व्हायच्या आत व्यवहार मिटवला की त्यातला बराचसा हातात राही. त्यातून घरी मिक्सर आला, पाहुण्यांच्या खोलीत पंखा आला. तहसील कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर शिक्के मारून निवृत्त झालेल्या माणसाला आपणही काही कमावतो असं वाटायला लागलं. हे वाटणं त्यांना फार हवं होतं. कारण पेन्शन बेताची होती आणि वीस सालच्या वादळानं सुपारीच्या पोफळी मुळासकट आडव्या केल्यापासून बापटांचं घर निवेदिताबाईंच्या गाद्या-उशांवर चाललं होतं.

गाद्या-उशांवर म्हणजे अक्षरशः. वादळानंतर नवी रोपं लावली, पण पोफळ धरायला वर्षं लागतात आणि पोटाला तेवढी सवड नसते. निवेदिताबाईंनी घराच्या पुढच्या दोन्ही खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या. तेव्हापासून शुक्रवार आला की नवरा-बायको आपल्या गाद्या, औषधांचा डबा, चार कपडे आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो उचलून मागच्या पडवीत जात आणि रविवारी पाहुणे गेले की परत येत. पडवीत रात्री वारा शिरतो, पहाटे घुशी खुडबुडतात. पण ते सोसायची तयारी होती. एकदा पुण्याच्या एका बाईंनी स्वयंपाकघरात येऊन निवेदिताबाईंना विचारलं, की तुम्ही इथे किती वर्षं कामाला आहात? निवेदिताबाईंनी हसून सांगितलं, बरीच झाली. रात्री देवव्रतरावांना ते सांगताना मात्र त्यांना हसू आलं नाही.

तेव्हापासून निवेदिताबाईंनी एकच ध्यास घेतला. वादळानं वाडीच्या टोकाला जी जागा मोकळी झाली होती तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या आणि आपलं घर आपल्याला परत घ्यायचं. शनिवारी आपल्या पलंगावर झोपायचं. बाईची मागणी एवढीच. त्यासाठी पै-पै बाजूला पडली, दोघांच्या नावच्या खात्यात साठली आणि दिवाळीनंतर रतन गवंड्याला इसार देऊन झाला. पाया आखायला तो याच मंगळवारी दुपारनंतर येणार होता.

त्या मंगळवारी सकाळी देवव्रतरावांनी पंप बनवणाऱ्या एका कंपनीवर इसार घेतला. निवडीमागे अभ्यास होता. त्या कंपनीचा पंप त्यांच्या विहिरीवर होता आणि तो तीनदा जळला होता. असल्या कंपनीचा शेअर कशाला वर जातोय!

तो वर गेला. कुठलीशी परदेशी कंपनी ती पंपाची कंपनी विकत घेणार अशी बातमी आली आणि शेअर जो उठला तो थांबेचना. देवव्रतरावांच्या मोबाइलवर लाल आकडा आला, त्याच्या आधी वजा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपण विकलं आहे, पैसे आपल्याला मिळाले आहेत, मग वजा कसलं? वाडीतल्या सुपारीचा भाव चढला म्हणून कधी वाडीवाल्याच्या घरातून पैसे गेलेत? जे द्यायचं ते व्यापाऱ्यानं द्यायचं. त्यांना वाटलं, आकड्याची बाजू चुकली असेल. समोरच्याचा तोटा आपल्याकडे दाखवतायत.

तेवढ्यात दलाल कंपनीचा संदेश आला, की मार्जिन कमी पडतंय, ताबडतोब भरा. मार्जिन म्हणजे डिपॉझिट, असं परेशनं सांगितल्याचं त्यांना आठवत होतं. आणि डिपॉझिट म्हणजे अनामत. गॅसच्या सिलिंडरची असते तशी, विजेच्या मीटरची असते तशी. ती कुठे जात नाही, काम झालं की परत मिळते. हे ध्यानात आल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खोल्यांच्या खात्यातून पैसे वळते केले. अनामतीला एवढ्या पैशांची गरज नव्हती खरं तर, पण त्यांनी सगळेच वळते केले. त्याला कारण होतं. शेअर वर गेल्यामुळे इसाराचा दरही चढला होता. भाव तेजीत असताना व्यापारी जास्त इसार द्यायला तयार असेल, तर शहाणा वाडीवाला आणखी चार झाडं दाखवतो. देवव्रतरावांनी आणखी विकलं. निवेदिताबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा ते चांगल्या खुशीत होते. आज इसार बरा आलाय, असं त्यांनी आमटी वाढून घेताना सांगितलंसुद्धा.

जेवून उठून बघतात तो लाल आकडा वाढून एवढा झालेला, की त्यातला स्वल्पविराम कुठे पडतो हे त्यांना दोनदा बघावं लागलं. तेव्हाच ती शंका आली, की मुंबईवाल्यांना इसार कळत नाही. त्यांनी झोपाळा थांबवला. आता काय करायचं? विकलेलं परत घ्यायचं म्हटलं तर तेवढं सगळं पदरचं जाणार. आणि परत का घ्यायचं? आज महिन्याच्या मुदतीचा दिवस होता. थोडा वेळ दम धरला की मुदत संपणार, न्यायला कुणी येणार नाही, इसार आपला. त्यांनी दम धरला. दम धरणं हे त्यांच्या घराण्यात चांगलं समजलं जाई. म्हसळ्याचा व्यापारी कितीही घाई करो, बापट कधी गडबडले नव्हते.

बाजार बंद व्हायच्या थोडं आधी पडद्यावरून त्यांचे सगळे व्यवहार नाहीसे झाले. लाल आकडाही गेला. देवव्रतरावांनी सुटकेचा निश्वास टाकला आणि अनामत परत आली का ते बघितलं.

खात्यात जे उरलं होतं त्यात रतनच्या एका आठवड्याच्या सिमेंटचा खर्च निघाला असता.

त्यांनी मोबाइल बंद करून चालू केला. घरात नेटवर्क गंडतं म्हणून विहिरीपाशी गेले. तिथेही तेच. मग मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ सतार वाजल्यावर एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. फार नम्र होती. तिनं सांगितलं, की आज मुदत संपत होती, ज्यांनी घेतलं त्यांना शेअर द्यावे लागले असते, तुमच्या खात्यात शेअर दिसत नव्हते, म्हणून कंपनीनं चालू भावानं ते परत घेऊन व्यवहार मिटवला आणि फरक तुमच्या पैशांतून वळता केला.

देवव्रतरावांनी अनामतीचं विचारलं. तिला अनामत हा शब्द कळला नाही. त्यांनी डिपॉझिट म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तेच तर वळतं केलंय. मग तिनं सरळ विचारलं, "सर, आपके पास शेअर्स थे क्या?"

"शेअर मेरे पास कैसे रहेंगे?" देवव्रतराव जरा रागानंच म्हणाले. "मैंने तो बेचा था."

मग आणखी काही मदत हवी आहे का, असं तिनं विचारलं.

त्यांनी परेशला फोन केला. एवढे महिने परेश सकाळी सकाळी कधी आकडे, कधी बाण पाठवायचा. अलीकडे नुसते फुलांचे फोटो आणि सुप्रभात येत होतं हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. परेशनं सगळं ऐकून घेतलं. तोटा थांबवायची खूण लावली नव्हती का, असं विचारलं. शेवटी म्हणाला, "काका, मी तर कवाच बंद केलं. एक ट्रेलर विकला त्याच्यात. तुमाला सांगायला पायजे होतं. लाज वाटली."

देवव्रतराव विहिरीच्या काठावर बसून राहिले. त्यांचं डोकं काम करेनासं झालं होतं. दुःख व्हायलाही आधी झालं काय हे कळावं लागतं, तेच त्यांना कळत नव्हतं. इसार घेतला तो खरा. मुदत संपली ती खरी. मग पैसे गेले ते कोणत्या दारानं? ते पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. व्यापारी येतो, वर बघतो, भाव बोलतो. इथपर्यंत सगळं नीट चाले. पुढे व्यापारी माल न्यायला येतो. आणि तिथे गाडं अडे. व्यापारी वाडीत उभा राहून वर बघतोय आणि वर झाडच नाही, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे येई आणि ते घाईघाईनं परत पहिल्यापासून सुरू करत.

तेवढ्यात वाडीच्या टोकाकडून निवेदिताबाईंची हाक आली. रतन आला होता. दोरीचं एक टोक धरायला माणूस हवा होता.

देवव्रतराव गेले. सांगायचं म्हणूनच गेले. पण रतननं हातात दोरी दिली आणि त्यांनी ती धरली. रतन दुसरं टोक घेऊन पलीकडे गेला, खुंटी ठोकली, दोरी ताणली, आणि वाकून दोरीच्या बाजूनं चुन्याची भुकटी सोडत आला. निवेदिताबाई त्याच्या मागोमाग चालत होत्या. दरवाजा इकडे, खिडकी समुद्राकडे, न्हाणीघराचं पाणी पोफळींना. नव्या नवरीचा उत्साह होता त्यांच्या अंगात. एका शनिवारसाठी आलेल्या लोकांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पुढच्या खेपेला या, नव्या खोल्या असतील. पहिली खोली आखून झाली, दुसरी झाली. देवव्रतराव रतन सांगेल तसे सरकत होते, आणि सरकता सरकता दुसऱ्या खोलीच्या मध्यावर येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, अजून एक भिंत होऊ दे, मग सांगू. मग भिंती संपल्या.

"आपले खोल्यांचे पैसे गेले," ते म्हणाले.

निवेदिताबाईंना वाटलं, बँकेची काही भानगड झाली. त्या जवळ आल्या. देवव्रतरावांनी सांगायला सुरुवात केली, पण शेअर, मुदत, मार्जिन हे सगळं एकात एक मिसळत गेलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकवेना. निवेदिताबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"अहो, सावकाश. इसार घेतला होतात ना?"

"घेतला होता."

"मग तो आपला."

"आपलाच. पण घेणारा न्यायला आला."

"आला तर माल द्यायचा. त्यात पैसे जायचं काय कारण?"

"माल नव्हता."

"कुठे गेला?"

"गेला नाही," देवव्रतराव म्हणाले. "नव्हताच." आणि हे बोलल्यावर त्यांना ते पहिल्यांदा कळलं. सबंध वर्षभर त्यांनी नसलेल्या झाडांवरची सुपारी विकली होती. कुणी न्यायला आलं नाही तोवर झाड आहे की नाही हे बघायची वेळच आली नव्हती.

निवेदिताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही ते कळायला वेळ लागत होता, कारण त्यांनीही हा व्यवहार त्याच शब्दात ऐकला होता आणि त्याच शब्दाच्या भरवशावर होकार दिला होता. रतन पलीकडे तोंड करून दोरी गुंडाळायला लागला.

"माल नव्हता, तर मग तुम्ही विकलंत काय?"

देवव्रतरावांनी खरोखरच विचार केला. त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. निवेदिताबाईही त्यांच्याबरोबर खाली बघत होत्या.

"ह्या," त्या म्हणाल्या. "ह्या दोन खोल्या विकल्यात."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं देवव्रतरावांना वाटलं. त्यांना रडू येत होतं, पण रतनसमोर रडायची सोय नव्हती. निवेदिताबाई रतनकडे वळल्या आणि म्हणाल्या, की सध्या काम होणार नाही. रतन चाचरला, मग खिशात हात घालत इसाराचं काय करू, असं त्यानं विचारलं. "तो तुझाच," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही म्हणतोय." रतननं आपली पिशवी उचलली. वैनी, मनाला लावून घेऊ नका, असं काहीतरी पुटपुटला आणि गेला.

दोघं घराकडे निघाली. निवेदिताबाई पुढे, देवव्रतराव मागे. परत मिळवीन म्हणावं तर कशातून, चुकलं म्हणावं तर ते फारच लहान वाटत होतं. तरी ते "माझं चुकलं" असं म्हणाले. त्यावर निवेदिताबाई म्हणाल्या, "मीही हसले होते," आणि पुढे चालत राहिल्या.

पायरीपाशी निवेदिताबाईंचा फोन वाजला. पूर्वी येऊन गेलेलं कुटुंब होतं. येत्या शुक्रवारी येऊ म्हणत होते. बोलणाऱ्या बाईंचा आवाज देवव्रतरावांपर्यंत येत होता. तुमच्या नव्या खोल्या झाल्या का हो, असं त्या विचारत होत्या.

"नाही हो, नव्या नाही होत आता," निवेदिताबाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या. "या की. आमच्याच देते."

देवव्रतराव आत गेले. त्यांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली उतरवला, पलंगावरची गादी गुंडाळली, ती खांद्यावर घेतली आणि मागच्या पडवीकडे निघाले. दारात निवेदिताबाईंनी त्यांना अडवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज मंगळवार आहे."